वाघोबापाशी ठेवलेलं पाणी

प्रियंका,

तू म्हणाली होतीस, "बाई, लिहा हवं तर, पण माझं नाव घालू नका." मी मान हलवली. ती होकाराची होती असं तू समजलीस, त्याला माझा इलाज नाही. चौदा वर्षं गोदामात दुसऱ्यांच्या मालावर नावं डकवलीस, एकदा तुझं कुठे डकवलं गेलं तर काही बिघडत नाही. कौतुक करणार नाहीये, तेव्हा लाजायचंही कारण नाही. फक्त एक करते. तुला 'तू' म्हणत सांगायला बसले तर दर चार ओळींनी रागवावंसं वाटेल आणि गोष्ट राहील बाजूला. म्हणून इथून पुढे तू 'ती', आणि तळमजल्यावरची म्हातारी, जिने तुला कॉलेजात भूगोल शिकवला, ती नुसती 'बाई'.

तर, प्रियंका.

भिवंडीत कामतघरला, तलावाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर ती राहते. नवरा सुगत लूमच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करतो. मुलगी पूर्वा पॉलिटेक्निकला जाते. प्रियंका स्वतः जवळच्या वळ गावातल्या गोदामात आवक बघते. म्हणजे ट्रक लागला की खोकी मोजायची, स्कॅनर मारायचा, लेबल लावायचं आणि कुठलं खोकं कुठल्या रॅकवर जाईल ते सांगायचं. बारा तास, सिमेंटच्या फरशीवर, उभ्याने.

तिला दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो. "मॅडम, ये किधर रखूँ?" फोर्कलिफ्टवाला विचारतो, हमाल विचारतात, सुपरवायझर फोनवर विचारतो, "वो कल वाला माल किधर रखा?" संध्याकाळी घरी आली की चप्पल काढायच्या आत सुगत, "प्रियंका, माझी पक्कड कुठे ठेवलीस?" आणि आतून पूर्वा, "आई, चार्जर कुठाय?" पक्कड तिने ठेवलेली नसते आणि चार्जरही नसतो. पण दोन्ही कुठे आहेत ते तिला ठाऊक असतं, हीच तर गंमत. सगळ्या जगाच्या वस्तू तिच्या डोक्यात मांडलेल्या होत्या. तिच्या स्वतःसाठी एक कप्पा मोकळा नव्हता.

एक्केचाळिसावं लागलं तेव्हा ती दमली. तशी रोजच दमायची, पण हे दमणं वेगळं होतं. अंग दुखत नव्हतं. दुखलं असतं तर गोळी घेतली असती. झोप लागत होती, पण सकाळी उठली की रात्रभर कुणीतरी आपल्याला उभं करून ठेवलं होतं असं वाटायचं. वरणाला फोडणी घालताना कानात स्कॅनरचा टूं आवाज यायचा. एकदा भाजीवाल्याने विचारलं, "ताई, मेथी कुठे ठेवू, पिशवीत का वेगळी?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजीवाला बिचारा घाबरला, त्याने मेथी फुकट दिली.

त्या जानेवारीत तिने ठरवलं, की दिघाशीच्या डोंगरावरून चालत गणेशपुरीला जायचं. दोन दिवस, मधली रात्र डोंगरावर. एकटीने.

ती वाट तिला माहीत होती, निम्मी. वीसेक वर्षांपूर्वी बाईंनी कॉलेजच्या मुलांना तिथे नेलं होतं. दिघाशीच्या वरच्या पाड्यावरून चढ, दीड-दोन तासांवर खिंड, खिंडीत वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड. तिथून पुढे डोंगराची धार धरून चालत राहायचं. मुलं तेव्हा खिंडीतूनच परत फिरली होती. पुढची धार नुसती दिसली होती, पिवळ्या गवताची, सरळ गेलेली, वर कुणी नाही. तेवढं चित्र तिच्या डोळ्यांत राहिलं होतं.

"एकटी?" सुगत म्हणाला. "अगं, मग बोलणार कोणाशी?"

"कोणाशीच नाही. म्हणून तर."

"मी येतो ना. मागे मागे चालीन. एक शब्द बोलणार नाही."

"तू पहिल्या वळणावर विचारशील, पाण्याची बाटली कुठे ठेवलीस."

सुगत हसला, कारण ते खरं होतं. मग म्हणाला, "बिबट्या आहे म्हणतात तिकडे."

"असू दे. तो पक्कड मागणार नाही."

सुगत माणूस वाईट नाही. त्याने दुसऱ्या दिवशी एक चांगली टॉर्च आणली आणि शिट्टी आणली. शिट्टीला दोरी त्याने स्वतः वळून लावली.

अडचण वेगळीच होती. धारेवर पाणी नाही. दिवाळीपर्यंत ओहोळ वाहतात, मग एकेक आटत जातो, आणि मार्चमध्ये त्या डोंगरावर पाखराला चोच बुडवायला थेंब मिळत नाही. आणि तिला सुट्टी मिळत होती ती मार्चमध्येच. वर्षअखेरची मालमोजणी सुरू व्हायच्या आधी, तिसऱ्या आठवड्यात, शनिवार-रविवार जोडून. चार वर्षांत पहिल्यांदा. तो हुकला की पुढे मोजणी, मग एप्रिलचं ऊन, मग पाऊस, मग दिवाळीच्या सेलचा माल. आणि पुढच्या मार्चपर्यंत हे असलं काही मागण्याइतकी धुगधुगी आपल्यात उरेल का, याची तिलाच खात्री नव्हती. हे दोन दिवस मिळाले तर मिळाले. नाहीतर ती पुन्हा मागणार नव्हती, हे तिला कळत होतं.

मग ती रोज कामावरून आल्यावर तळमजल्यावर बाईंकडे यायची. बाईंकडे जुना नकाशा होता, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला.

"धारेच्या शेवटच्या उंचवट्यावर," बाई बोट ठेवून म्हणाल्या, "खडकात कोरलेलं टाकं आहे. त्यात पाणी असतं."

"मार्चमध्ये?"

"मी एप्रिलमध्ये पाहिलंय. सत्तर-एकाहत्तर, नाही, थांब, चौऱ्याहत्तर साली. गुडघाभर होतं, आणि गार."

"बाई, पन्नास वर्षं झाली."

"खडक आहे तो. नगरपालिकेचा नळ नाही, बंद पडायला."

प्रियंका बाईंचा मान ठेवते, पण गोदामातली आहे. डोळ्यांनी मोजलेलं नसेल ते तिच्या हिशेबी नसतं. तिने तयारी केली ती टाक्यात पाणी नाही असं धरूनच.

आणि तयारी तिने अशी केली की बघत राहावं. जुन्या चलानांच्या पाठीवर यादी. प्रत्येक वस्तूपुढे वजन. केसरीनाथ म्हणून गोदामाच्या वजनकाट्यावर एक वळचाच माणूस असतो, निवृत्तीला आलेला. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्याकडे बॅग घेऊन जायची.

"कय मॅडम, आज कोणाचा माल?" तो विचारायचा.

"माझाच. टाका काट्यावर."

"अकरा किलो सातशे. मॅडम, तुम्ही स्वतः किती?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हंजे बॅग तुम्हाला घेऊन जाणार का तुम्ही बॅगला?"

रोज काहीतरी कमी व्हायचं. आधी गोदामाचे जड बूट गेले, त्यांच्या जागी जुने कॅनव्हासचे आले. चादर अर्धी कापली. साबणाचा तुकडा केला. खाण्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती, ती बाईंनी काढायला लावली.

"सुकट नेतेस? मग वर दोन लिटर पाणी आणखी ने तिच्या नावाचं."

"बाई, सुकटीशिवाय भाकरी कशी जाईल?"

"गुळाच्या दशम्या कर. नाही गेल्या घशाखाली तर उपाशी राहा. दोन दिवसांत कोणी मरत नाही. तहानेने मरतं."

पाण्याचं वजन मात्र कमी होईना. दोन दिवसांना नऊ लिटर, म्हणजे नऊ किलो. ते पाठीवर घेऊन ती खिंडही चढली नसती. तेव्हा तिला गोदामातली युक्ती सुचली. माल जिथे लागणार असेल त्याच्या जवळ आधीच नेऊन ठेवायचा. आदल्या रविवारी खिंडीपर्यंत जायचं, लिटरच्या सहा बाटल्या तिथे ठेवायच्या आणि परत यायचं. शनिवारी अंगावर फक्त तीन लिटर घेऊन चढायचं, आणि खिंडीत पुढच्या प्रवासाचं पाणी तयार.

ठेवायचं कुठे? सगळ्यांना जागा सांगणारीला जागा सुचायला किती वेळ? वाघोबाच्या दगडामागे. देवापाशी ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. वर लेबलं. बाटल्यांवर तिने एक ते सहा आकडे घातले, तारीख लिहिली, आणि गोदामात रोखून ठेवलेल्या मालावर लिहितात तसं खाली लाल पेनाने लिहिलं, 'हलवू नये'.

त्या रविवारी पहिल्या एसटीने ती निघाली. दिघाशीहून पाड्यापर्यंत चालत गेली तेव्हा एका कुडाच्या घरापुढे एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. जाईबाई तिचं नाव. शेजारी तिचा नवरा दामू, दोरी वळत होता.

"कुठं चाललीस गो बाय, येवढं वज्जं घेऊन?"

"खिंडीत. पाणी ठेवायला, वाघोबापाशी."

जाईबाईने सूप खाली ठेवलं. तिच्याकडे नीट बघितलं. "एकटी?"

"हो."

"आणि ह्ये समदं पाणी थितं ठेवणार?"

"सहा बाटल्या."

"ऐकलंस का?" जाईबाई नवऱ्याला म्हणाली. "शहरातली बाय हाय, वाघोबाला पाणी ठेवाय आली. आपली पोरं इसारली." मग प्रियंकाला म्हणाली, "चांगलं काम करतेस गो. माझी सासू ठेवायची, दर साली. डेरा घेऊन जायची डोक्यावर."

प्रियंकाला बरं वाटलं. आपल्या नियोजनाचं कोणीतरी कौतुक केलं, तेही डोंगरातल्या जाणत्या बाईने, याचं. जाईबाईने तिला चहा पाजला. दामू पाड्याच्या शेवटापर्यंत आला आणि वाट दाखवून गेला. तिने खिंड गाठली, दगडामागे सहा बाटल्या एका रांगेत लावल्या, आकडे समोर येतील अशा. वर पळसाची पानं झाकली. फोटो काढला. परत येऊन तो बाईंना दाखवला.

"छान," बाई म्हणाल्या. "रांग सरळ आहे." त्यांनाही दुसरं काही सुचलं नाही. भूगोल शिकवणाऱ्याला डोंगर कळतो, डोंगरातली माणसं कळतीलच असं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रियंका कामावरून आली तेव्हा तिला धड उभं राहता येत नव्हतं. सुट्टीच्या बदल्यात पाच दिवसांत सात दिवसांचं काम उरकलं होतं. बॅग दाराशी होती. सहा किलो दोनशे, पाणी धरून. पूर्वाने विचारलं, "आई, उद्या डबा कोण..." आणि सुगतने तिला हाताने गप्प केलं. पहाटे निघताना ती बाईंच्या दारात आली.

"एक काम करशील?" बाई म्हणाल्या.

"सांगा."

"टाकं बघून ये. पाणी आहे का, किती आहे. तुझा तो मोजायचा सोस आहे ना, काठी बुडवून मोज. सगळे मला म्हणतात, म्हातारीला भास झाला असेल. तुझ्यासकट."

"मी कुठे म्हटलं, बाई?"

"तोंडाने नाही म्हटलंस. बाटल्या मोजल्यास."

"बघून येते," प्रियंका म्हणाली. "शब्द दिला."

शनिवारी सकाळी पाड्यावर पोचली तेव्हा जाईबाईच्या घराला कडी होती. पाडा निम्मा रिकामा. मोहाची फुलं पडायला लागली होती, बायका अंधारातच टोपल्या घेऊन वर गेल्या होत्या. प्रियंका चढायला लागली. पहिल्या तासात तिला कळलं की पाय आपले नाहीत. दर वीस पावलांनी थांबावं लागत होतं. पाणी ठरल्यापेक्षा जास्त संपत होतं. पण कोणी काही विचारत नव्हतं. सुकलेली पानं पायाखाली वाजत होती, दूर कुठेतरी बायका एकमेकींना हाका मारत होत्या, आणि त्या हाका तिला नव्हत्या. ती चालत राहिली.

खिंडीत पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. दगडामागची पानं तिने बाजूला केली.

सहाच्या सहा बाटल्या होत्या. एका रांगेत, एक ते सहा, आकडे समोर. बुचं घट्ट लावलेली. आणि सगळ्या रिकाम्या.

तिने एकेक उचलून बघितली. आत थेंबही नव्हता. मग ती वाघोबाच्या शेजारीच खाली बसली.

थोड्या वेळाने जाईबाई आली, डोक्यावर मोहाची टोपली, मागे आणखी दोघी. तिला बघून जाईबाईचा चेहरा उजळला.

"आलीस गो! सोमवारपासून तुजंच पाणी पितो आम्ही. समद्या बाया तुजं नाव घेतात. काल बुधाजीची सून आली, गरोदर हाय, तिला चक्कर आली हितं. तिला शेवटली बाटली दिली."

प्रियंकाने लेबल दाखवलं. "यावर लिहिलं होतं ना, हलवू नये."

"हां, येक शिकलेली पोरगी हाय आमच्यात, तिनं वाचून दावलं," जाईबाई म्हणाली. "म्हणून तं हलवल्या न्हाय. बघ, जितल्या तितं हायत. पाणी प्यायचं आणि परत ठेवायची. येकीनं बी घरी नेली न्हाय."

मग जाईबाईला काहीतरी दिसलं असावं. ती टोपली उतरवून खाली बसली. "तुला प्यायला ठेवलंतं का गो?"

प्रियंका मानेनेच हो म्हणाली.

"आणि मी तुला चांगलं काम म्हटलं." जाईबाईने कपाळाला हात लावला. त्या पाड्यावर मोहाच्या दिवसांत वाघोबापाशी ठेवलेलं पाणी हे वाटेचं पाणी. जो येईल, ज्याला तहान लागेल, त्याचं. ठेवणाऱ्याने ते परत बघायचंही नसतं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. देवापाशी ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही हे शहरातलं शहाणपण. तिथे देवापाशी ठेवतात ते हात लावण्यासाठीच.

प्रियंकाने बॅगेतलं पाणी बघितलं. दीड लिटरही नव्हतं. पुढे धार, तशीच, वीस वर्षांपूर्वी बघितलेली. पिवळी, सरळ, उन्हाने पांढरी पडलेली. तीन तासांवर तो उंचवटा. तिथे बाईंचं टाकं. पाणी असेल तर आजची रात्र, उद्याचा दिवस, गणेशपुरी, सगळं होतं. नसेल तर परतीलाही पाणी नव्हतं.

ती बराच वेळ त्या उंचवट्याकडे बघत होती.

"मी दामूला धाडते," जाईबाई म्हणाली. "हंडा घेऊन येल तुज्यासंगं. त्याला डोंगर पाठ हाय. गोष्टी बी सांगतो चांगल्या."

आणि तेव्हा प्रियंका हसली म्हणे. पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बाकीच्या दोघी घाबरल्या. जाईबाई नाही घाबरली. तिने प्रियंकाची बॅग स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल. उतर."

पाड्यावर, कुडाच्या पडवीत, जाईबाईने गोधडी टाकली. प्रियंका पेलाभर पेज प्याली आणि आडवी झाली. तेव्हा दुपारचे साडेबारा झाले असतील. ती उठली ती रविवारी, सूर्य कासराभर वर आल्यावर.

मधे कोणीतरी तिच्या अंगावर पांघरूण घातलं होतं. कोंबड्या आल्या आणि गेल्या. पोरं बघायला जमली तर जाईबाईने काठी दाखवली. शेजारीण विचारायला आली, ही कोण, इथे का निजलीय, तर जाईबाई म्हणाली, "वाघोबाला पाणी ठेवलंय तिनं. इचारू नको तिला काय बी." आणि पाड्यावर तो शब्द चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीत बसेपर्यंत तिला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. दामूनेसुद्धा नाही. एसटी सुटताना त्याने सहा रिकाम्या बाटल्या दोरीत ओवून तिच्या हातात दिल्या, तेवढंच.

रविवारी संध्याकाळी ती बाईंच्या दारात उभी राहिली. चेहऱ्यावर गोधडीचे वळ अजून होते.

"टाकं?" बाई म्हणाल्या.

तिने सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवला असतास तर पोचली असतीस."

"किंवा मेले असते, बाई."

"किंवा मेली असतीस," बाईंनी मान्य केलं. "बस, चहा घे. आणि सुगतला काय सांगणार आहेस?"

"चालले, म्हणेन. दमले, म्हणेन. दोन्ही खरं आहे."

याला आता चार वर्षं झाली. प्रियंका अजून वळलाच आहे, अजून आवकच बघते, अजून दमते. दर मार्चमध्ये, मोहाच्या दिवसांत, ती एक शनिवार-रविवार मागून घेते. आता ते देतात. अंगावर वाहवेल तेवढं पाणी घेऊन खिंड चढते, वाघोबापाशी ठेवते, लेबल लावत नाही. परत उतरते आणि जाईबाईच्या पडवीत झोपते. सुगतला आता खरं माहीत आहे. तोच बाटल्या भरून देतो. खिंडीच्या पुढे मात्र ती एकदाही गेलेली नाही. पुढचं पाणी कुठून आणणार? आणलेलं तर ठेवून येते.

प्रियंका, तुझ्यावर माझा राग नाही, असं लिहायला बसले होते आणि लिहिता लिहिता आहे असं दिसलं. माझे गुडघे आता तळमजल्याच्या तीन पायऱ्यांना कुरकुरतात. मी काही त्या धारेवर जात नाही. तू दरवर्षी खिंडीपर्यंत जातेस, तिथून तो उंचवटा दिसतो, तू बघतेस आणि वळतेस. शब्द दिला होतास. चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये तिथे गुडघाभर पाणी होतं. काठी बुडवून बघायची होती, एवढंच काम होतं.